दुरुस्तीचे गाव

मिरज हे सांगली जिल्ह्यातले कृष्णाकाठचे जुने शहर. सांगली येथून दहा किलोमीटरच्या आत आहे. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली, मधले माळ घरांनी भरून गेले, तरी सांगलीकर सांगलीकर राहिला आणि मिरजकर मिरजकर. संस्थानी काळात मिरज नावाची पटवर्धनांची दोन संस्थाने होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. त्यांतल्या धाकट्या पातीची राजधानी मिरजेत नव्हती, ती जवळच्या बुधगावात होती. १९४८ मध्ये दोन्ही संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली. प्रस्तुत लेखकाचे घर या गावात आहे आणि पुढील बऱ्याच गोष्टी त्याच्या रोजच्या वाटेवरच्या आहेत.

मिरजेचे आजचे रूप रेल्वेने घडवले. पुण्याहून लोंढ्याकडे जाणारा सदर्न मराठा रेल्वेचा मीटर गेज मार्ग १८८० च्या दशकात मिरजेला पोहोचला. १८९१ मध्ये कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या खर्चाने मिरज-कोल्हापूर रूळ टाकले. १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी कुर्डुवाडी आणि पंढरपूरकडून येऊन मिरजेला थांबली. ही बार्शी लाइट उभारणारा इंग्रज अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. कमी खर्चात, अरुंद रुळांवर भरपूर माल कसा न्यावा याचा त्याने ध्यास घेतला होता. उतारवयात त्याने वैमानिकांसाठी पॅराशूटही तयार केले. पंढरीच्या वारकऱ्यांची छोटी गाडी आणि विमानातून उडी मारणाऱ्याची छत्री एकाच डोक्यातून निघाली, हे मिरजेत फार थोड्यांना ठाऊक आहे.

१९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉड गेज झाला आणि मिरज जंक्शनवर एक दुर्मीळ दृश्य तयार झाले. पुणे-कोल्हापूरचा रुंद रूळ, बेळगाव-लोंढ्याकडचा मीटर गेज आणि पंढरपूरकडचा अडीच फुटी, असे तिन्ही मापांचे रूळ एकाच स्थानकात आले. देशात अशी स्थानके मोजकीच होती. अडीच फुटी रूळ इतके जवळ की दहा-बारा वर्षांचे पोर दोन्हींवर एकेक पाय देऊन सहज उभे राही; रुंद रुळांवर हा खेळ जमत नसे. मोठ्या माणसांसाठी मात्र हा त्रास होता. गेज बदलले की गाडी बदलायची, गाडी बदलली की वळकट्या, ट्रंका आणि पोरे घेऊन दुसऱ्या फलाटावर धावायचे. मालाचेही तेच. एका वाघिणीतून पोती उतरवून दुसऱ्या मापाच्या वाघिणीत चढवायची, आणि हे काम हमालांच्या पाठीवर चाले. १९९० च्या दशकात लोंढ्याचा मीटर गेज गेला. छोटी गाडी आणखी काही वर्षे टिकली. पंढरपूरचा मार्ग २०१० च्या आसपास रुंद झाला.

तो रुंद झाला म्हणूनच एप्रिल २०१६ मधली घटना शक्य झाली. लातूर शहराचे नळ कोरडे पडले होते. पाणी द्यायला कृष्णा होती, वाहून न्यायला रेल्वे होती. राजस्थानातल्या कोट्याहून धुऊन स्वच्छ केलेल्या टाकीच्या वाघिणी मिरजेत आल्या, रेल्वेच्या हैदरखान विहिरीवरून यार्डापर्यंत नळ टाकला गेला आणि ११ एप्रिलला दहा वाघिणींची पहिली गाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन निघाली. ३४२ किलोमीटरचा प्रवास करून ती दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोहोचली. पुढे ५० वाघिणींच्या, सुमारे २५ लाख लिटरच्या फेऱ्या पावसाळ्यापर्यंत चालू राहिल्या. कॅलथ्रॉपची छोटी गाडी ज्या पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शीच्या वाटेने धावत असे, त्याच वाटेने हे पाणी गेले. त्या दिवसांत यार्डाच्या कुंपणाबाहेर संध्याकाळी माणसे नुसती उभी असत. प्रस्तुत लेखकही त्यांत होता. वाघिणीच्या तोंडातून नळाचे पाणी आत कोसळताना आधी पोकळ, घुमणारा आवाज येई. टाकी भरत आली की तो बारीक होत जाई. आपल्या नदीचे पाणी कुणाच्या तरी घागरीत पडणार आहे, एवढे त्या आवाजातून कळत होते.

रेल्वेने मिरजेतून पाणी नेले, त्याच्या कितीतरी आधी तिने मिरजेला रोगी आणून दिले. कॅनडात जन्मलेले मिशनरी शल्यविशारद विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उघडले. तीन वर्षांत त्याला जोडून वैद्यकीय शिक्षणही सुरू झाले. मोतीबिंदू, मुतखडा, पोटातल्या गाठी अशा दुखण्यांवर शस्त्रक्रिया करून बरी झालेली माणसे आपापल्या गावी परतली आणि तीच या दवाखान्याची जाहिरात ठरली. सांगली आणि मिरजेच्या मध्ये क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. त्या वस्तीला वानलेसवाडी हेच नाव पडले. इंग्रज सरकारने त्यांना ‘सर’ हा किताब दिला. १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिरजेत निघाले, त्यामागे ही जुनी पुण्याई होती. आजही स्टेशनाबाहेर पडणाऱ्या परगावच्या माणसाला रिक्षावाला आधी विचारतो, ‘कुठल्या दवाखान्यात?’ उत्तर कर्नाटकातून इतके रोगी येतात की डॉक्टरांच्या पाट्यांवर मराठीच्या जोडीला कानडी अक्षरे असतात, आणि औषधाच्या दुकानातला पोरगा दिवसातून तीन वेळा डोस कसा घ्यायचा ते दोन्ही भाषांत सांगतो.

मिरजेची खरी नवलाई यापुढे आहे. या गावाला गाण्याचे गाव म्हणतात. पण त्या गाण्यातली तीन मोठी माणसे मैफलीने नव्हे, दुखण्याने या गावाशी जोडली गेली.

पहिले विष्णु दिगंबर पलुसकर. १८७२ मध्ये कुरुंदवाडला जन्मलेल्या या मुलाच्या चेहऱ्यावर दारूकाम उडाले आणि डोळे अधू झाले. उपचारासाठी त्याला मिरजेला डॉ. भडभडे यांच्याकडे आणले. दृष्टी पुरती परत येईना, तेव्हा मुलाचा आवाज ऐकून डॉक्टरांनीच गाणे शिकवण्याचा सल्ला दिला. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तेव्हा मिरजेत होते आणि संस्थानिकांचा आश्रय होता. शिक्षण पुरे करून विष्णुबुवा १८९६ मध्ये मिरजेहून बाहेर पडले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या निधनानंतर १९३१ मध्ये शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. त्या मंडळाच्या परीक्षांचा कारभार वर्षानुवर्षे मिरजेतून चालत आला, त्यामुळे देशाच्या कोनाकोपऱ्यातल्या, मिरज कधीही न पाहिलेल्या विद्यार्थ्यांना या गावाचे नाव ठाऊक असते.

दुसरे नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. या मुलाच्या कानाला दुखणे होते. शाहू छत्रपतींनी त्याच्या उपचाराची मिरजेला सोय केली. किर्लोस्कर नाटक मंडळीचा मुक्काम तेव्हा मिरजेत होता. १९०५ मध्ये नारायण मंडळीत दाखल झाला आणि शकुंतला म्हणून रंगभूमीवर उभा राहिला. गावातल्या आजच्या नाट्यगृहाला त्याचेच नाव आहे.

तिसरे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ. उत्तरेतल्या कैराना गावचा हा गवई मिरजेत असताना प्लेगने आजारी पडला आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात सेवा केल्यावर बरा झाला, असे मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्यानंतर त्यांनी मिरजेला आपले घर केले. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर १९०५ मध्ये इथेच जन्मली. सवाई गंधर्व, रोशन आरा बेगम आणि पुत्र सुरेशबाबू माने यांच्यापर्यंत त्यांची तालीम पोहोचली. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीला जाताना वाटेत प्रकृती बिघडली म्हणून ते सिंगपेरुमाळकोइल या छोट्या स्थानकावर उतरले आणि फलाटावरच त्यांनी देह ठेवला. त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे.

दर्ग्याचा उरूस हा मिरजेचा सर्वांत मोठा सण. त्यातली एक गोष्ट परगावच्या माणसाला मुद्दाम सांगावी लागते. पहिला गलेफ, म्हणजे मजारीवर चढवायची पहिली चादर, चर्मकार समाजाकडून येते. हा मान पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे आणि संस्थानिकांच्या काळातही तो कुणी हिसकावून घेतला नाही. मिरजेच्या सगळ्या वैशिष्ट्यांत प्रस्तुत लेखकाला हे सर्वांत मोलाचे वाटते. उरुसातच खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. ते ज्या चिंचेच्या झाडाखाली बसून गात, तिथेच आजचे गवई सेवा म्हणून गातात. तिकीट नाही, राखीव खुर्च्या नाहीत. पुढच्या सतरंजीवर रियाज करणारी मुले, मागे नवस फेडायला आलेली कुटुंबे, बाजूला डुलक्या घेणारी पोरे, आणि मध्यरात्रीनंतर तंबोऱ्यांचा नाद अंगणभर पसरतो.

ते तंबोरेही मिरजेचेच. शिकलगार म्हणजे हत्यारे घडवणारी आणि त्यांना धार लावणारी माणसे. इंग्रजी अमलात लढाया थांबल्या, तलवारीला गिऱ्हाईक राहिले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिरजेतल्या फरीदसाहेब आणि मोहिद्दीन शिकलगार या भावांनी तंबोरे आणि सतारी करायला घेतल्या. पुढे त्यांच्या वंशजांचे आडनाव सतारमेकर झाले आणि ते राहतात ती गल्लीही सतारमेकरांची. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

तंबोऱ्याचा भोपळा मिरजेत पिकत नाही. तो पंढरपूर, बेगमपूर या भीमाकाठच्या भागातून येतो. कडू जातीचा, जाड सालीचा, माणसाच्या कवेत जेमतेम मावणारा. उन्हात महिनोन्‌महिने वाळला की तो लाकडासारखा वाजतो. कारागीर तो कापतो, मऊ होण्यासाठी पाण्यात भिजत घालतो, आतला गर आणि बिया खरवडतो आणि गोलाई टिकावी म्हणून आत आडव्या काड्यांचे ताण देऊन पुन्हा वाळवतो. दांडी आणि वरची तबली तुणीच्या लाकडाची. मग नक्षी, लाखेचे पॉलिश, खुंट्या, तारा, मणी. इतके झाले तरी तंबोरा अजून बोलत नाही.

तो बोलतो जवारीने. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा सपाट दिसतो, प्रत्यक्षात त्याला अगदी थोडा उतार असतो. तार एका बिंदूवर न टेकता त्या उतारावर लांबवर चाटत जाते आणि त्यातून स्वरांचा तो घुमणारा झोत निघतो. कारागीर कानसीचा एक हात फिरवतो, तार बसवतो, छेडतो, ऐकतो, पुन्हा तार काढतो. मग तारेखाली सुताचा एक दोरा सरकवतो. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या कारागिरासमोर प्रस्तुत लेखक तासभर बसला होता. दोरा केसभर पुढे गेला आणि मघापर्यंत ठक्क वाजणारी तार एकाएकी उघडली, खोलीतली हवाच बदलली. त्यांनी मान न उचलता पुढची तार घेतली. हे माप कुठल्याही पट्टीवर नाही. ते कानात असते आणि वडिलांच्या शेजारी बसूनच मुलाच्या कानात उतरते. आता गवयांच्या खिशातल्या यंत्रात तंबोरा वाजतो, शिकलेली मुले गल्लीबाहेर नोकऱ्या शोधतात, आणि जवारी लावणारे हात वर्षागणिक कमी होत आहेत.

या गल्लीत नव्या वाद्यांइतकीच जुनी वाद्ये येतात. तडकलेला भोपळा आतून पट्ट्या लावून सांधता येतो, वाकलेली दांडी बदलता येते, झिजलेली घोडी पुन्हा घासता येते. अनेक घरांच्या माळ्यांवर आजीचा किंवा पणजोबांचा तंबोरा कापडात गुंडाळून पडलेला असतो. तो भंगारात देऊ नये, शोभेची वस्तू म्हणून भिंतीलाही टेकवू नये. मिरजेची गाडी धरावी, तो सतारमेकरांच्या ओट्यावर ठेवावा, आणि जवारी लागेपर्यंत तिथेच बसून राहावे.