उणे चव्वेचाळीस टक्के

धरणगावात माझा कॉम्प्युटर क्लास आहे. टायपिंग, टॅली, एमएस-सीआयटी आणि ज्यांना हवं त्यांना सी ही प्रोग्रामिंगची भाषा. दहावी-बारावीचे निकाल लागले की पालक विचारायला येतात, पोराला कोणता कॉम्प्युटर घेऊ? माझं उत्तर ठरलेलं असायचं : कंपनीचा लॅपटॉप घ्या, वॉरंटी बघून घ्या आणि स्क्रू ड्रायव्हर लपवून ठेवा. सुटे भाग आणून घरी गेमिंग पीसी जोडणं म्हणजे बापाच्या पैशाचा चुराडा, असं मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा ठणकावून सांगितलेलं आहे. ऐकणारे सगळे गावातलेच. आता ते मत राहिलेलं नाही, तर तेही त्यांच्या कानावर घातलेलं बरं.

कारण माझा भाचा. जळगावला डिप्लोमा करत होता. 2021 साल, ग्राफिक्स कार्डांचे भाव जगभर भडकलेले. लॉकडाऊनमुळे माल कमी, आणि होता तो इथेरियमसारखी आभासी नाणी काढणारे उचलून नेत होते. त्यामुळे पोराने कार्ड घेतलंच नाही. रायझन 5 5600जी घेतला. या प्रोसेसरमध्ये कामापुरतं ग्राफिक्स आतच असतं. काही भाग गोलाणी मार्केटमधून आणले, काही ऑनलाइन मागवले आणि वाचलेल्या पैशातून भारीतला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, घेतला. मी चिडलो. जो डबा कुणाला दिसतही नाही, त्यावर एवढे पैसे?

सगळं जोडून झालं आणि त्याचा फोन आला : "मामा, पंखा फिरस, पन डिस्प्ले येत नही." मी म्हटलं, दुकानदाराकडे टाक, आणि मनातून जरा सुखावलोही.

त्याने दुकानदाराकडे टाकला नाही. आमचे दाजी कापसाचे शेतकरी. विहिरीतली मोटर बंद पडली की त्यांचा क्रम ठरलेला : आधी तिन्ही फेज येतात का बघायचं, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. मोटर वर ओढायची ती सगळ्यात शेवटी, कारण त्यात चार माणसं आणि अख्खा दिवस जातो. पोरगं हेच बघत वाढलेलं. त्याने एक रॅम काढून ठेवली, मग दुसरी. मग खाचा बदलून पाहिल्या. बोर्डावरचा सेल काढून सेटिंग मूळपदावर आणलं. टीव्हीची केबल लावून पाहिली. एका वेळी एकच बदल, आणि काय झालं ते वहीत. शेवटी संशय बोर्डावर येऊन ठेपला. बोर्ड बी450, प्रोसेसरच्या आधीच्या काळातला. त्यातला बायोस, म्हणजे बोर्ड सुरू करणारं सॉफ्टवेअर, इतका जुना की हा नवा प्रोसेसर त्याला ओळखूच येत नव्हता. त्या बोर्डाला मागे एक बटण होतं. ते दाबून पेनड्राइव्हवरून थेट बायोस बदलता येतो. पेनड्राइव्ह फॅट32 करायचा, फाइलला कंपनीने सांगितलेलंच नाव द्यायचं. दिवा बराच वेळ लुकलुकला, विझला, आणि डिस्प्ले आला.

पुढे कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायला लागल्या. मी लगेच एसएमपीएसवर खापर फोडलं. निघालं ते असं, की घरातल्या प्लगचं तिसरं भोक नावालाच होतं, मागे वायरच नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधून किंचित करंट बॉडीवर येतोच, तो जमिनीत जायला अर्थिंग लागतं. दाजींनी अंगणात खड्डा घेतला, कोळसा-मीठ भरून पट्टी पुरली, मुंग्या थांबल्या.

एवढं होऊनही मी म्हणत होतो, ही मेकॅनिकची कामं. प्रोग्रामिंग म्हणजे डोक्याचं काम, ते वेगळं. हा ताठा एका पाच ओळींच्या प्रोग्रामने उतरवला.

पाच विषयांचे 500 पैकी 432 गुण, टक्के काढायचे. भाचा सी शिकायला माझ्याच क्लासमध्ये यायचा. त्याने 432/500*100 लिहिलं, उत्तर आलं शून्य. क्लासमधलं दुसरं कुठलंही पोर असतं तर "सर, येत नाही" म्हणून माझ्याकडे वळलं असतं, आणि मी दोन सेकंदांत दुरुस्त करून दिलं असतं. भाच्याने आधी नुसती बेरीज छापली : 432, बरोबर. मग नुसता भागाकार : शून्य. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की सी अपूर्णांक टाकून देते, हे त्याचं त्यालाच सापडलं. त्याने क्रम बदलला : 432*100/500. घरच्या मशीनवर उत्तर 86. तोच प्रोग्राम माझ्या क्लासमधल्या टर्बो सीवर चालवला, तर उत्तर उणे 44.

उणे चव्वेचाळीस टक्के! पोरं खो खो हसली. मी म्हटलं, टाइप करताना चुकलं असेल. तो काही न बोलता दोन्हीकडे इंटचा, म्हणजे पूर्णांकाचा, साइझ छापून आला. घरी 4, इथे 2. दोन बाइटच्या इंटमध्ये 32767 च्या वर आकडा मावत नाही. 43200 तिथे गेला की 65536 वजा होऊन उणे 22336 होतो, आणि त्याला 500 ने भागलं की उणे 44. "इंट दोन बाइटचा असतो" हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो, पोरांनी ते पाठ करून मार्क मिळवले. त्याचा असा प्रताप मी स्वतः कधी पाहिला नव्हता.

रॅम काढून बघणारा हात आणि मधली बेरीज छापून बघणारं डोकं एकाच पोराचं होतं, आणि ही सवय त्याला माझ्या क्लासमध्ये लागलेली नव्हती. गेम खेळायची हाव नसती तर त्या बोर्डामागे तो इतका लागलाही नसता, हेही कबूल करतो. आता क्लासमध्ये कुणाचा प्रोग्राम अडला तर मी कीबोर्डला हात लावत नाही. काय बदललं, काय झालं, दाखव, एवढंच म्हणतो. काही पालकांना वाटतं, सर आळशी झाले.

गेमपायी होणाऱ्या रात्रीच्या जागरणाबद्दल माझं मत होतं तेच आहे, आणि कॅबिनेटमधल्या रंगीत दिव्यांबद्दलही. तो पैसा एसएमपीएसला घाला. मे महिन्यात कूलरच्या तोंडाशी कॅबिनेट ठेवू नका, ओली हवा थेट आत जाते. आणि घर जिनिंगच्या आसपास असेल तर कापसाचा हंगाम सरला की हीटसिंकला ब्रश मारा; पंख्याखाली रुईची चांगली गादी बसलेली असते.