खंडाळ्याची गाडी आणि विलायतेचा भोंगा

माणसाला कशाचा छंद लागेल हे सांगता येत नाही. कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी नाणी, कोणी नुसती भांडणे. पण स्टेशनच्या कडेला तासन्‌तास उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत टिपायचे आणि रिकाम्या हाताने घरी परतायचे, हा छंद प्रथम ऐकणाऱ्याला निव्वळ वेडेपणा वाटतो. याला ट्रेनस्पॉटिंग म्हणतात. आमच्या घरात तो न्यूझीलंडला आल्यावर शिरला, आणि मुलांच्या आधी वडिलांना लागला. उतारवयात परदेशी आणलेले, दिवस कसा घालवावा हे न उमगणारे एखादे वडीलधारे माणूस आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे किंवा होते. म्हणून ही हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आपल्या समाजाचे आणि रेल्वेचे नाते तसे जुनेच. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी निघाली ती ठाण्याला गेली, आणि त्याच ठाण्यात १८७९ साली आपले सिनेगॉग उभे राहिले. अलिबाग, रेवदंड्याकडच्या आपल्या पूर्वजांना मात्र आगगाडी ठाऊक नव्हती. ते समुद्रमार्गे मुंबईला उतरत. एकदा मुंबईत आल्यावर पलटण, पोस्ट आणि रेल्वे या तीन दारांपैकी कोणत्यातरी एका दारातून पुष्कळांचा प्रपंच सुरू झाला.

आमचे बाबा कल्याणच्या यार्डात ट्रेन्स क्लार्क होते. यार्डातली माणसे त्यांना नंबर-टेकर म्हणत. मालगाडी लागली की कंदील घेऊन पहिल्या वाघिणीपासून ब्रेकव्हॅनपर्यंत चालत जायचे आणि प्रत्येक वाघिणीचा नंबर लिहून घ्यायचा, हे त्यांचे काम. पावसाळ्यात छत्री वहीवर आणि पाणी अंगावर. अशी तीस वर्षे काढून ते निवृत्त झाले. पुढे आई गेली आणि १९७९ साली आम्ही त्यांना वेलिंग्टनला आमच्याकडे आणले.

आमचे घर ज्या उपनगरात होते त्याचे नाव खंडाला. इंग्रजीत स्पेलिंग थोडे वेगळे, पण नाव आपल्या बोरघाटातल्या खंडाळ्याचेच. हिंदुस्थानात नोकरी करून आलेल्या जेम्स अँड्र्यू नावाच्या कॅप्टनने १८८४ च्या सुमारास आपल्या घराला ते दिले आणि मग सगळ्या वस्तीला तेच चिकटले. आजूबाजूच्या रस्त्यांना गंगा, दिल्ली, आग्रा अशी नावे आहेत. गावातून डोंगर चढून येणाऱ्या जॉन्सनव्हिल लाइनवर आधी सिमला क्रेसेंट हे स्टेशन लागते, मग बॉक्स हिल आणि मग खंडाला. पहिल्यांदा प्रवास करताना बाबा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "खंडाळ्याच्या आधी सिमला? हे टाइमटेबल कोणी बनवले?" त्या महिन्यात आम्ही त्यांना हसताना पाहिले ते तेवढेच.

आम्ही दोघे कामावर, मुले शाळेत, शेजारी सभ्य पण लांबचे. आपल्या लोकांची घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मराठी बोलायला दिवसभर कोणी नाही. बाहेर वेलिंग्टनचा वारा असा की टोपी डोक्यावर राहात नाही. बाबा खिडकीत बसत. तक्रार एका शब्दाने करीत नसत, आणि त्याचीच आम्हाला जास्त काळजी वाटे.

एका शनिवारी दुपारी ते धाकट्या नातवाला घेऊन स्टेशनवर गेले. तिथे बाकावर एक निवृत्त शाळामास्तर आणि दोन मुले वह्या घेऊन बसली होती. गाडी आली की नंबर लिहीत, गेली की गप्प बसत. बाबांनी बराच वेळ पाहिले आणि घरी येऊन आम्हाला विचारले, "हेच काम मी तीस वर्षे पगार घेऊन केले. हे लोक फुकट का करतात?"

याचे उत्तर आम्हालाही ठाऊक नव्हते. ते त्यांनीच हळूहळू शोधून काढले. या छंदाचा बोलबाला इंग्लंडमध्ये झाला तो इअन ॲलन नावाच्या एका तरुण कारकुनामुळे. सदर्न रेल्वेच्या कचेरीत इंजिनांची माहिती विचारणारी पत्रे येत. दरवेळी उत्तरे लिहिण्यापेक्षा एक यादीच छापावी असे त्याला वाटले, आणि १९४२ साली, ऐन युद्धात, त्याने सगळ्या इंजिनांच्या नंबरांची छोटी पुस्तिका काढली. पाहिलेल्या नंबराखाली रेघ मारायची, बस. पुढे हजारो शाळकरी पोरे प्लॅटफॉर्मच्या टोकाला दिसू लागली. न्यूझीलंडमध्येही १९४४ साली रेल्वे अँड लोकोमोटिव्ह सोसायटी स्थापन झाली.

गंमत अशी की या छंदात मिळवायचे काहीच नसते, पण वाट पाहायची असते. यादी ठरलेली आहे. त्यातले एखादे इंजिन बारा वर्षे हुलकावणी देते आणि एक दिवस पावसात, मालगाडीला जोडलेले, अवचित समोरून जाते. ते पाहिल्याचा साक्षीदार म्हणजे वहीतली एक ओळ. दुसरे असे की रोज एकाच जागी बसणारा माणूस त्या जागेचा होतो. महिन्याभरात स्टेशनवरचे लोक बाबांना ओळखू लागले. गाडी उशिरा आली की "आज काय झाले?" असे त्यांनाच विचारू लागले. आणि बाबांना उत्तर ठाऊक असे! लाइन एकेरी, नायो आणि खंडाला इथे एका गाडीने दुसरीची वाट पाहायची. खालची अडकली की वरचीही अडकणार. बोरघाटाजवळ आयुष्य गेलेल्या माणसाला हे कोणी शिकवायला नको होते.

खरी ओळख पटली ती कानाने. त्या काळी त्या लाइनवर धावणारे डबे इंग्लंडातल्या इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीचे होते. ही लाइन १९३८ साली विजेवर आली, १५०० व्होल्ट डीसीवर. आणि मुंबईतही १९२५ पासून तोच दाब होता. मुंबईहून पुण्याच्या गाड्या ओढणारी काही इंजिनेही याच कंपनीची, १९५४-५५ साली आलेली. गाडीने चढाला जोर घेतला की बाबा डोळे मिटून म्हणत, "ही मोटार मला माहीत आहे." आम्ही म्हणायचो, बाबा, हा तुमच्या मनाचा खेळ. मग एक दिवस त्यांनी डब्यावरचे कंपनीचे नाव बोटाने दाखविले.

रेल्वेच्या माणसाला गाडी आधी ऐकू येते, मग दिसते. घाटात धावणारी जुनी स्विस धर्तीची विजेची इंजिने उभी असताना कण्हत आणि चालताना सळसळत. लोकांनी त्यांना 'खेकडा' नाव दिले होते. शिटीची तर भाषाच असते. दोन आखूड आणि एक लांब म्हणजे साखळी ओढली गेली. रुळांशेजारी पिवळ्या पाटीवर 'सी/फा' लिहिलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याचा अर्थ सीटी, फाटक. पुढे फाटक आहे, शिटी वाजवा. इंग्लंडात त्याच कामासाठी डब्ल्यू अक्षराची पाटी असते.

१९८५ साली आम्ही बाबांना त्यांच्या बहिणीकडे, म्हणजे आमच्या आत्याकडे, इंग्लंडला नेले. आत्याच्या घरामागे शेत, शेतापलीकडे रूळ आणि रूळ ओलांडणारी पायवाट. पहिल्या रात्री गाडीने भोंगा दिला आणि बाबा उठून बसले. दोन सूर, एक उंच, एक खालचा, लागोपाठ. वाफेच्या इंजिनाला शिटी असे, ती वाफेवर वाजे. ब्रिटनमध्ये नेहमीच्या गाड्यांवरची वाफेची इंजिने १९६८ साली संपली. डिझेलच्या इंजिनात शिटीसाठी वाफ कुठली? तिथे दाबलेली हवा कर्ण्यात सोडतात. कर्णा लांब तर सूर खालचा, आखूड तर उंच. दोन सूर अशासाठी की गिरणीचा किंवा मोटारीचा भोंगा नव्हे, ही गाडीच आहे, हे रुळावरच्या माणसाला क्षणात कळावे.

दुसऱ्या दिवशी शेताच्या कुंपणापाशी मुलांनी विचारले, गाडी पुढून गेली की तिचा सूर एकदम खाली का उतरतो? बाबांना त्याचे शास्त्र ठाऊक नव्हते, पण आत्याच्या नातवाला होते. डॉपलर या शास्त्रज्ञाने हे १८४२ साली मांडले, आणि १८४५ साली हॉलंडमध्ये चक्क रेल्वेवर तुतारीवाले बसवून त्याची परीक्षा घेतली गेली. बाबांनी ते सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "आम्हाला एवढेच शिकवले होते, सूर उतरला तर गाडी गेली. उतरला नाही तर अजून तुझ्याकडेच येते आहे, बाजूला हो."

मग त्यांनी पूर्वी कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्या ओळखीचा एक गँगमन रुळावर गेला. शिटी झाली होती. वारा उलटा होता. त्याची डब्याची पिशवी बाबांनीच त्याच्या घरी पोचविली होती. "लोकांना वाटते भोंगा म्हणजे गाडीचा दिमाख. तो कोणाच्या तरी घरच्यांसाठी वाजतो," असे म्हणून ते गप्प झाले. छंद म्हणून आम्ही जे पाहात होतो त्याच्या तळाशी त्यांच्या दृष्टीने काय होते, ते आम्हाला त्या कुंपणापाशी कळले.

बाबा १९९१ साली गेले. पुढच्या गोष्टी त्यांनी पाहिल्या नाहीत. इंग्लंडात रुळांशेजारी राहणाऱ्यांनी भोंग्यांच्या आवाजाबद्दल तक्रारी केल्या, आणि २००७ साली नियम बदलला: पाटीपाशी नुसता खालचा सूर वाजवायचा, आणि रात्रीच्या ठराविक तासांत तोही नाही, रुळावर कोणी दिसले तर मात्र वाजवायचाच. आत्याच्या नातवाने आम्हाला कळविले की आता रात्री घर शांत असते आणि त्याला झोप लागत नाही! त्याच २००७ साली इकडे वेलिंग्टनहून वायरारापाला जाणाऱ्या गाडीला ब्रिटिश रेल्वेचे जुने डबे दुरुस्त करून जोडले गेले. आम्ही मुद्दाम जाऊन बसलो. डबे विलायती, पण भोंगा इंजिनाचा असतो आणि इंजिन होते अमेरिकन कंपनीच्या घडणीचे. खिडकी विलायतेची आणि आवाज दुसऱ्याच खंडाचा, असा तो प्रवास झाला. आपल्यासारख्या स्थलांतरितांना यात नवल वाटण्याचे कारण नाही.

जॉन्सनव्हिल लाइनवरचे इंग्लिश इलेक्ट्रिकचे डबे २०१२ साली निघाले आणि त्यांच्या जागी कोरियात बांधलेल्या गाड्या आल्या. शेवटच्या दिवसांत छंदी लोक टेप आणि कॅमेरे घेऊन हजर असत. त्यांतल्या एका गृहस्थांना आमच्या घरच्या वह्यांचा पत्ता लागला. १९७९ ते १९९०, कोणत्या दिवशी कोणता मोटारडबा कोणत्या डब्याला जोडून धावला, हे सगळे बाबांनी लिहून ठेवले होते. गृहस्थ मोठ्या आशेने आले, वही उघडली आणि थबकले. सारे आकडे देवनागरी! बाबांना इंग्रजी आकडे उत्तम येत, नोकरीत तेच लिहिले. पण ही वही स्वतःची होती.

आम्ही दोन रविवार बसून त्यांना ते नंबर वाचून दाखविले. आमची मुले शेजारीच होती. ती मराठी बोलतात, पण त्यांना ५ आणि ६ मधला फरक सांगता येईना. मग नातवंडांना बोलावले आणि आजोबांच्या वहीवरूनच दहा आकडे शिकविले. एका संध्याकाळचे काम होते. थोरली नात आता वहीची स्वच्छ नक्कल करते आहे, डाव्या बाजूस देवनागरी आणि उजव्या बाजूस इंग्रजी. तिसऱ्या वहीपर्यंत आली आहे.

लोद, रामले, अश्दोद, लंडन, जिथे कुठे हे वाचले जाईल तिथल्या कुटुंबांना एक विनंती. रेल्वेत, पोस्टात किंवा गोदीत नोकरी केलेल्या आपल्या माणसांच्या वह्या, पास, ड्यूटीचे कागद ट्रंकेत असतील, तर रद्दीत देण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. आणि ते माणूस अजून घरात असेल, तर त्याला जवळच्या स्टेशनवर घेऊन जा. काही विचारू नका. गाडी येऊ द्या.