शब्दांविना प्रेम: एका तबकडीवरून सुचलेला थ्रेड

१/ पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मला 'अलबेला' (१९५१) मधील 'शोला जो भडके'ची तबकडी मिळाली. लेबलावर चित्रपट, गायक आणि संगीतकार सी. रामचंद्र यांची नावे होती. वादकांपैकी एकाचेही नव्हते. हा थ्रेड त्या वादकांविषयी, आणि शब्दांविना प्रेम कसे व्यक्त होते याविषयी.

२/ 'बॅलड' म्हटले की आपल्याला पोवाडा आठवतो. जॅझमधील बॅलड मात्र संथ लयीतले प्रेमगीत असते. वाद्यावर ते वाजवताना शब्द गळून पडतात. तरी लेस्टर यंगसारखे वादक ते शब्द ठाऊक असण्याचा आग्रह धरीत. श्वास कोठे घ्यावा, हे ओळच शिकवते.

३/ ११ ऑक्टोबर १९३९ रोजी न्यूयॉर्कमध्ये कोलमन हॉकिन्सने 'बॉडी अँड सोल' ध्वनिमुद्रित केले. सॅक्सोफोनवर मूळ चाल आरंभी क्षणभर दिसते आणि विरघळते. कुजबुजीपासून आर्ततेपर्यंतचा प्रवास तीन मिनिटांत पुरा होतो. वसतिगृहाच्या खोलीत ते प्रथम ऐकले, तेव्हा कोणीतरी बोलू पाहत आहे आणि अडखळत आहे, असे मला वाटले.

४/ त्या अडखळण्यातच कला आहे. स्वर ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळतो. स्वराच्या कडेला फुंकर ऐकू येते. ट्रम्पेटला म्यूट लावला की आवाज जवळ येतो. ड्रमवर काठ्यांऐवजी ब्रश फिरतात. प्रेम येथे उच्चारले जात नाही, लांबवले जाते.

५/ १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्या काळात ही भाषा गोमंतकीय वादकांनी आत्मसात केली. चर्चच्या शाळांतून त्यांना स्वरलिपी येत होती. मांडो या संथ कोंकणी प्रेमगीताचा संस्कार घरचाच होता. मला वाटते, बॅलड त्यांना परका वाटलाच नसावा.

६/ त्यांपैकीच एक हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट. ताजमध्ये जोडप्यांना नाचवणारा हा कलावंत सी. रामचंद्रांच्या ध्वनिमुद्रणांतही वाजवी. 'अलबेला'त तो आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावर दिसतो.

७/ 'कागद नाही तर इतिहास नाही', असे आम्हा विद्यार्थ्यांना शिकवले जाते. येथे पडद्यावर चेहरा आहे, तबकडीत फुंकर आहे; कागद तेवढा मुका आहे. म्हणून तबकडीच्या पाकिटावर मी पेन्सिलीने लिहिले: ट्रम्पेट, चिक चॉकलेट.