मुक्या जिवाची दाढ
हाडे आणि दगड चघळण्याचा विलक्षण नाद असलेल्या आमच्या कुत्र्याची वरची मोठी दाढ आज दुभंगलेली आढळली, आणि तिच्या भग्न कडेतून डोकावणारा लालसर ठिपका पाहून मन व्यथित झाले. कुत्र्याच्या ४२ कायम दातांपैकी अन्न कातरणारी हीच दाढ कठीण हाडाने बहुधा फुटते. आतली मज्जा उघडी पडली की जंतू मुळापर्यंत उतरून डोळ्याखाली सूज येते, आणि तरीही हा इमानी प्राणी वेदनेची फिर्याद न करता खातच राहतो. म्हणून केवळ भूक शाबूत आहे एवढ्या पुराव्यावर त्याला निरोगी ठरविणे हा अन्याय होय. औशाहून उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठावे, मुळावर उपचार की दाढ काढणे याचा निर्णय तज्ज्ञांवर सोपवावा, आणि हाडे घरातून कायमची हद्दपार करावीत, असा माझा निश्चय झाला आहे.