रिकाम्या पाण्याची नोंद

बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर आहे. पावसाळ्यात त्याला दोन्ही बाजूंनी पाणी लागतं. उन्हाळ्याच्या तोंडाला मात्र मनच्या पात्रात थोडे डोह उरतात आणि त्यांच्यावरून नदी सुरय फेऱ्या मारत असतात. पिवळीजर्द चोच, डोक्यावर काळी टोपी, मागे लांब दुभंगलेली शेपटी. दहा वर्षांची असताना मी काठावर बसून ते मोजले आणि घरी येऊन मायला सांगितलं, सतरा. बाबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते त्याच जागी बसले आणि बराच वेळ पाहून म्हणाले, "सतरा काहून वं? तीनच हायेत. तेच ते येतात नं जातात."

पुढे अकोल्यात संख्याशास्त्र शिकले, त्याच्या बळावर पक्षिगणनेच्या कामात शिरले आणि गेली अनेक वर्षं मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूने बोटीवरून समुद्रपक्षी मोजते आहे. वऱ्हाडातली मुलगी समुद्रावर काय करते, असं गावाकडे अजून विचारतात. माझी ती तीन आणि सतराची चूक सुधारण्यासाठीच या शास्त्राने पन्नासेक वर्षं खर्च केली आहेत, हे मी त्यांना सांगते.

तळ्यावरचे पक्षी मोजताना तळं तिथेच असतं आणि आपण काठावर स्थिर असतो. समुद्रावर पाणी हलतं, बोट हलते, पक्षी हलतो आणि मोजणाराही हलतो. काठ कुठेच नसतो. त्यामुळे "आज किती दिसले?" या प्रश्नाला तिथे अर्थच उरत नाही. किती पाण्यात दिसले, हे आधी सांगावं लागतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नोंदी दिवसाला इतके पक्षी अशा असत. डेन्मार्कच्या पॉल येस्पर्सन यांनी 'डाना' जहाजावरून अटलांटिकवर अशी मोजणी केली आणि जिथे प्लवक जास्त तिथे पक्षी जास्त, हे १९२४ साली मांडलं. त्या काळासाठी ते फार मोठं काम होतं. पण एका जहाजाचा दिवस दुसऱ्या जहाजाच्या दिवसासारखा नसतो. कुणाचा वेग जास्त, कुणाचा डेक उंच, कुणी दोन तास पाहिलं तर कुणी आठ. ही नोंद एका मापात आणण्याचा निर्णायक प्रयत्न १९८४ साली झाला. मार्क टास्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'द ऑक' या नियतकालिकात जहाजावरून पक्षी मोजण्याच्या साऱ्या पद्धती तपासल्या आणि एक सुचवली. आज जगभर जी मोजणी होते, तिचा पाया तोच आहे.

पद्धत सांगायला सोपी आहे. बोटीच्या एकाच बाजूला, जिकडे उन्हाची तिरीप नसेल तिकडे, ३०० मीटर रुंदीचा पट्टा मनात आखायचा. बोट पुढे जाईल तसा पट्टा पुढे सरकतो. दर १० मिनिटांनी नोंदीचा नवा रकाना. आमचा ट्रॉलर ८ नॉटने, म्हणजे तासाला साधारण १५ किलोमीटरने चालतो. १० मिनिटांत अडीच किलोमीटर. अडीच किलोमीटर लांब आणि ३०० मीटर रुंद, म्हणजे पाऊण चौरस किलोमीटर पाणी आपण पाहिलं. आता त्यात आलेल्या पक्ष्यांना भागाकार करता येतो.

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे नवं नाही. पीक कापणी प्रयोग आपल्याकडे दरवर्षी होतो. ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, तेवढंच सोयाबीन कापायचं, झोडपायचं, तोलायचं आणि त्यावरून महसूल मंडळाचं उत्पन्न ठरवायचं. या पद्धतीला भारतात शास्त्रशुद्ध रूप देणाऱ्यांत डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे मराठी संख्याशास्त्रज्ञ अग्रभागी होते. १९४०च्या दशकात त्यांनी दाखवून दिलं, की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त निघतं. कारण दोरीवर आलेलं झाड आत धरायचं की बाहेर, हा प्रश्न आला की माणसाचा हात नकळत ते आत ओढतो. तुकडा लहान तेवढी कड जास्त, आणि कड जास्त तेवढी चूक जास्त. आमच्या शेतात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दोरी ताणली जायची आणि कडेच्या भरल्या शेंगांचं झुडूप कुणीतरी पायाने हळूच आत घ्यायचं. त्यात लबाडी नसायची. हाताला आलेलं पीक सोडवत नाही, एवढंच.

समुद्रावर अगदी तेच होतं. तासभर रिकामं पाणी पाहिल्यावर ३२० मीटरवर शिअरवॉटर हा समुद्रपक्षी दिसतो, आणि मन म्हणतं, ३०० असेल. नवीन माणसाच्या वहीत कडेच्या पट्टीतले पक्षी नेहमी थोडे जास्त निघतात. म्हणून अंतर डोळ्यांवर सोडायचं नाही.

त्यासाठी माझ्याकडे सागाची एक साधी पट्टी आहे. वरची कड क्षितिजाला लावायची, हात पूर्ण लांब करायचा आणि खाली कोरलेल्या खुणा पाहायच्या. केबिनच्या टपावर बसलं की माझा डोळा पाण्यापासून ४ मीटर उंच असतो आणि लांब केलेल्या हातातली पट्टी डोळ्यापासून ६० सेंटिमीटर. या मापाने ५० मीटरवरचं पाणी क्षितिजाच्या ४७ मिलिमीटर खाली येतं, १०० मीटरवरचं २३ मिलिमीटर खाली आणि ३०० मीटरवरचं फक्त ७ मिलिमीटर खाली. एक खूण इतकी वर, दुसरी इतकी खाली, हे पाहिलं की दूरचं अंतर किती फसवं असतं ते कळतं. बोट जराशी कलली की ते ७ मिलिमीटर हातातून निसटतात. मग एका लाटेवर नाही, दोन-तीन लाटांवर वाचून मधलं माप घ्यायचं. पट्टीच्या मागे दोरा बांधून तो दातात धरला की ६० सेंटिमीटर बदलत नाहीत. वाऱ्यात तो दोरा खारट लागतो.

बसलेल्या पक्ष्यांसाठी एवढं पुरतं. उडणाऱ्यांसाठी नाही.

अकोला-खामगाव रस्त्यावर बाळापूरच्या फाट्याशी तासभर उभं राहून ट्रक मोजले, तर शेकडो निघतील. पण समोरच्या ३०० मीटर रस्त्यावर एका क्षणी किती ट्रक असतात, असं विचारलं तर उत्तर चार किंवा पाच असेल. माझे सतरा सुरय हे फाट्यावरचे ट्रक होते, बाबांचे तीन हे रस्त्यावरचे. उडणारा पक्षी बोटीपेक्षा वेगवान असतो. दिसेल तो प्रत्येक लिहिला, तर गर्दी कितीतरी पटींनी फुगते. यावर टास्कर यांच्या पद्धतीत तोड आहे. बोटीला ३०० मीटर जायला जितका वेळ लागतो, तितक्या अंतराने एकदाच, छायाचित्र काढावं तसं, पुढच्या ३०० मीटरच्या चौकोनाकडे पाहायचं. त्या क्षणी चौकोनाच्या हवेत जे असतील तेवढेच धरायचे. ८ नॉटला हा वेळ सव्वा मिनिटाच्या आसपास येतो. मधल्या वेळात कितीही सुंदर पक्षी समोरून गेला, तरी तो गर्दीच्या हिशेबात येत नाही. त्याची नोंद वेगळ्या रकान्यात जाते. सुरुवातीला हे फार जड जातं. मासळी वेचायला ट्रॉलरच्या मागे लागलेल्या कुरवांचंही तसंच. ते बोटीमुळे आलेले असतात, पाण्यामुळे नव्हे. त्यांना हिशेबाबाहेर ठेवावं लागतं.

आणि जे दिसलेच नाहीत त्यांचं काय? आमच्या कामातला सगळ्यांत खोल प्रश्न हाच आहे. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल नावाचा पक्षी चिमणीपेक्षा जरासाच मोठा असतो, वजनाने चाळीस ग्रॅमच्या आतबाहेर. अंटार्क्टिकाच्या बाजूला पिल्लं वाढवतो आणि तिकडे हिवाळा लागला की विषुववृत्त ओलांडून आपल्या अरबी समुद्रात येतो. रंग काळपट, कमरेवर पांढरा पट्टा. पाय सोडून पाण्यावर चालल्यासारखा लाटेच्या उतारावर थुईथुई करतो. शंभर मीटरपलीकडे, लाटांच्या माथ्यावर फेस आला असेल तर, तो दिसत नाही. म्हणून पट्ट्याचे चार भाग करतात: ० ते ५०, ५० ते १००, १०० ते २०० आणि २०० ते ३०० मीटर. उदाहरणादाखल समजा, त्यांत अनुक्रमे १२, ९, ८ आणि ३ पक्षी मिळाले. एकूण ३२. पण पक्षी काही आमची बोट पाहून पसरलेले नसतात. जवळच्या ५० मीटरच्या पट्टीत १२ आहेत, तर पुढच्या तेवढ्याच पट्टीत १२ आणि दुप्पट रुंदीच्या दोन पट्ट्यांत २४-२४ असायला हवेत. म्हणजे ७२. दिसले ३२, होते ७२ च्या आसपास. जवळच्या पट्टीतला एकही नजरेतून सुटला नाही, हे मात्र यात गृहीत आहे. म्हणून दोघांनी बसायचं: एकाने फक्त पाहायचं, एकाने फक्त लिहायचं, आणि दोन तासांनी जागा बदलायची. लिहिणाऱ्याने वर पाहायचं नाही, हा नियम मोडण्याचा मोह अजून मलाही होतो.

पहिल्या हंगामातली माझी एक चूक सांगायला हवी. पक्षी दिसला नाही की मी रकाना कोरा सोडायची. परत आल्यावर वही उघडली, तर कोऱ्या रकान्यांचा अर्थ लागेना. त्या दहा मिनिटांत पाहिलं आणि काही नव्हतं, की पाऊस आला म्हणून खाली गेले, की जेवायला बसले? अख्ख्या हंगामाच्या वह्या मोजणीच्या कामातून बाद झाल्या. पुढच्या वर्षी आमचे तांडेल काका माझी पेन्सिल चालताना पाहून म्हणाले, "ताई, पाखरू एक नाय, मगे लिवतास काय?" मी म्हटलं, शून्य. ते म्हणाले, "शून्य लिवूक लागता?" मग मी त्यांना विचारलं, जाळं टाकून काहीच मिळालं नाही, तर तुम्ही ती जागा विसरता का? ते थोडा वेळ गप्प राहिले आणि त्यानंतर रिकाम्या रकान्याची वेळ झाली की स्वतःहून मला हाक देऊ लागले.

कोकणात समुद्रपक्ष्यांकडे लक्ष गेलं ते आधी बेटांमुळे. वेंगुर्ल्यासमोरच्या वेंगुर्ला रॉक्सवर ब्रायडल्ड टर्न, म्हणजे पाठीने करड्या-तपकिरी सुरयांची वीण होते आणि खडकाच्या गुहांत पाकोळ्यांची घरटी असतात. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या ॲलन ह्यूम यांनी या खडकांबद्दल १८७६ साली आपल्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात लिहिलं होतं. १९४०च्या सुमारास हुमायून अब्दुलअली यांनी तिथली सुरयांची आणि पाकोळ्यांची वस्ती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये नोंदवली. बेटावरची मोजणी मोलाची आहेच. पण बेटावर येतात ते वीण करणारे. सूटी टर्न या सुरयाची पिल्लं एकदा बेट सोडून गेली की कित्येक वर्षं जमिनीला पाय लावत नाहीत. त्यांची मोजदाद खुल्या पाण्यावर जाऊनच करावी लागते.

आपल्या बाजूची मोठी अडचण ऋतूची आहे. स्टॉर्म पेट्रेल आणि शिअरवॉटर अरबी समुद्रात येतात ते नेमके पावसाळ्यात, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ती बंदी माशांच्या विणीसाठी आणि खलाशांच्या जिवासाठी गरजेची आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यामुळे आमच्या ट्रॉलरवरच्या नोंदी मे महिन्यावर थांबतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा सुरू होतात. मधल्या दोन महिन्यांचा अंदाज किनाऱ्यावर घ्यायचा. वादळात थकून आलेला मास्क्ड बूबी, मेलेला नॉडी, पंख मोडलेला शिअरवॉटर वाळूवर सापडतो. दर आठवड्याला तेवढाच किनारा, तेवढ्याच लांबीने चालून त्यांची नोंद केली, तर तीही मोजणीच आहे. इथेही तोच नियम: काही न सापडलेला आठवडा लिहायचा.

हे सगळं कशासाठी? ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया ३ या जहाजांची टक्कर झाली आणि तेल समुद्रात पसरलं. अशा वेळी सगळे विचारतात, किती पक्षी मेले. त्याचं खरं उत्तर द्यायचं, तर आधी किती होते हे ठाऊक लागतं, आणि ते अपघाताच्या दिवशी मोजता येत नाही. ते कंटाळवाण्या, काही न घडणाऱ्या दिवसांत मोजून ठेवावं लागतं. माझ्या वहीतली बहुतेक पानं त्याच दिवसांची आहेत.

दिवाळीत बाळापूरला गेले की मी एक सकाळ किल्ल्याखाली मनच्या काठावर बसते आणि समुद्राचीच पद्धत नदीवर लावते: ठरावीक पट्टा, ठरावीक मिनिटं, उडणाऱ्यांसाठी क्षणाची नजर. गेल्या वर्षी दहा-दहा मिनिटांचे सहा रकाने भरले. पाचांत शून्य होतं, एकात दोन नदी सुरय.

दिवाळीच्या आसपास दरवर्षी पक्षी सप्ताह येतो, ५ ते १२ नोव्हेंबर. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. कापशीच्या तलावावर, काटेपूर्णेच्या धरणावर, अमरावतीच्या वडाळी किंवा छत्री तलावावर अनेक मंडळी दुर्बिणी घेऊन जातील. त्यांना माझी विनंती आहे. पक्ष्यांची यादी करण्याआधी वहीत चार गोष्टी लिहा: किती वाजता पाहायला सुरुवात केली, किती वाजता थांबलो, पाण्याचा केवढा भाग पाहिला, आणि किती जण पाहत होतो. एखाद्या तळ्यावर काहीच नसेल, तर पान उलटू नका. तारीख घाला आणि शून्य लिहा.