डाख उतरवताना

मे महिन्यात आमच्या वाडीतील क्रूसापाशी रोज सायंकाळी रोझरीची प्रार्थना होते. गेल्या वर्षी पहिल्याच आठवड्यात तेथील जुना ॲम्प्लिफायर मुका झाला. पेटी उघडून पाहिली, तेव्हा आतील एसएल १०० हा ट्रान्झिस्टर निकामी झालेला आढळला. धातूच्या टोपीतला हा ट्रान्झिस्टर एकेकाळी रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या डबीत हमखास असे; आज तो सहजासहजी मिळत नाही. आमच्या घरी मात्र एक होता. वडिलांनी जोडायला घेतलेल्या शेवटच्या सर्किट बोर्डावर.

वडील २००९ साली देवाघरी गेले. फावल्या वेळात ते रेडिओ दुरुस्त करीत. अर्धवट राहिलेला तो तपकिरी बोर्ड आईने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवला होता. आम्हां दोघा भावांना तो मोडवेना. बीडी १३९ दुकानात मिळतो, पाय जुळवून घेतले की तोही चालला असता. आम्ही आईला तसे सांगितलेही. ती एवढेच म्हणाली, “बाबांनी तो डब्यात ठेवण्यासाठी केला होता काय?”

डाख द्यायला वडिलांनी आम्हांला लहानपणीच शिकवले होते. डाख उतरवण्याचे काम मात्र ते स्वतःकडे ठेवीत, आणि त्याचे कारण आम्हांला त्या दुपारी कळले. जुन्या डाखेवर हवेने राखट साय धरलेली असते. तिच्यामुळे उष्णता आत शिरत नाही. आम्ही तापलेले सोल्डरिंग आयर्न सांध्यावर दाबून धरले, डाख वितळेना म्हणून आणखी दाबले आणि शेवटी ट्रान्झिस्टर चिमट्याने ओढला. पाय सुटला, पण त्याच्याबरोबर बोर्डावरची तांब्याची चकतीही उखडून आली. अशा जुन्या बोर्डावर तांबे नुसते चिकटवलेले असते. फार वेळ तापवले की त्याची पकड सुटते. आम्ही दोघेही काही काळ काही बोललो नाही.

मग आठवले. वडील जुना सांधा सोडवण्यापूर्वी त्यावर नव्या डाखेचा एक थेंब घालीत. “जे काढायचे, त्यात आणखी भर कशाला?” म्हणून आम्ही हसत असू. नव्या तारेच्या पोटात राळ असते. कल्हईवाला नवसागराने भांड्याचा मळ काढतो, तशी ती सांध्यावरची साय काढते. आणि ओली धातू उष्णता चहूकडे नेते. वडिलांची डाख कथील आणि शिसे यांची. ती १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागते. (हल्लीच्या शिसेविरहित डाखेला २१७ अंशांच्या वर जावे लागते, ते बोर्ड अधिक हट्टी.)

पुढच्या दोन पायांना आम्ही प्रत्येकी तीन सेकंदांहून अधिक आच दिली नाही. थेंब घालायचा, सांधा चकाकला की पंपाने डाख ओढून घ्यायची, निवू द्यायचे. भोकाच्या काठाला राहिलेली डाख तांब्याच्या विणलेल्या पट्टीने टिपायची. वडिलांचे सांधे लहान शंकूसारखे, सारे एका उंचीचे. दुकानातल्या कामातून ते सहज ओळखू येत. ते एकेक करून सपाट होत गेले. शेवटचा पाय मोकळा झाला, तेव्हा ट्रान्झिस्टर आपोआप हातात आला. टोपी अजून कोमट होती.

मीटरवर बेसपासून दोन्ही बाजूंना सुमारे ०.६ व्होल्ट दिसले. तो जिवंत होता. शिशाचे हात साबणाने स्वच्छ धुऊन आम्ही चहा घेतला आणि दिवेलागणीपूर्वी क्रूसाकडे गेलो. त्या सायंकाळी दुसऱ्या रहस्यापर्यंत आमचे लक्ष प्रार्थनेपेक्षा कर्ण्याकडेच अधिक होते, हे कबूल केले पाहिजे. आवाज शेवटपर्यंत टिकला.

घरी आलो तेव्हा आईने बोर्ड पुन्हा डब्यात ठेवला होता. उखडलेली तांब्याची चकतीही तिने कागदाच्या पुडीत बांधून त्याच्याशेजारी ठेवली होती.