प्रशियाचे घोडे आणि वणीची द्राक्षं

आमच्या वेळी बी.एस्सी.चे सगळे नियम कॉलेजच्या खिडकीतला क्लार्क मान वर न करता सांगून टाकायचा. एफ.वाय.ला चार विषय, एस.वाय.ला तीन, टी.वाय.ला एकच. पासिंग ४० ला. विषय राहिलाच तर एटीकेटी. चला, पुढचा! स्टॅटिस्टिक्स स्पेशल घ्यायचं असेल तर गणित सोडू नका, एवढं एक वाक्य तो जादा बोलायचा, तेही उपकार केल्यासारखं. आम्हीही कधी उलट प्रश्न विचारला नाही. रेल्वेच्या डब्यात बसावं तसे एफ.वाय.त बसलो आणि टी.वाय.च्या स्टेशनावर उतरलो.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवात. वणीहून नाशिकला शिकायला जाणाऱ्यांकडे एसटीचा विद्यार्थी पास असायचा. दोन तृतीयांश भाडं माफ. सकाळच्या गाडीत भाजीच्या पाट्या, दुधाचे कॅन आणि मधे आम्ही, प्रॅक्टिकलची जर्नल पोटाशी धरून. लखमापूर फाटा, दिंडोरी, म्हसरूळ, मग सीबीएस. विद्यापीठ पुण्याचं, १९४९ साली स्थापन झालेलं, पण आमच्यापैकी कुणी ते पाहिलेलं नव्हतं. तिथून प्रश्नपत्रिका यायच्या आणि यथावकाश निकालाचं गॅझेट यायचं, एवढाच संबंध. १९९० मध्ये जळगावला नवं विद्यापीठ निघालं आणि धुळे-जळगावची कॉलेजं तिकडे गेली. नाशिक पुण्याकडेच राहिलं. त्यामुळे चैत्रात सप्तशृंगी गडावर निघालेल्या खानदेशातल्या मंडळींशी गप्पा मारताना कळायचं, की यांच्या पोरांचा पेपर आता वेगळा निघतो.

चैत्रोत्सव आणि परीक्षा हा आमचा खास वणीचा प्रश्न. रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत जादा गाड्या सगळ्या सप्तशृंगी गडाकडे धावायच्या, नेहमीच्या गाड्यांचा भरवसा संपायचा आणि नेमका तेव्हाच पेपर. पुण्यात वेळापत्रक लावणाऱ्याला वणीची यात्रा माहीत असायचं काही कारण नव्हतं. मग पेपरच्या आदल्या दिवशीच नाशिकला कुणा पाहुण्यांकडे मुक्काम ठोकायचा.

अभ्यासक्रमात काय होतं? मध्य, प्रमाण विचलन, सहसंबंध, मग वितरणं: द्विपद, पॉइसाँ, प्रसामान्य. पॉइसाँ शिकवताना घोड्यांच्या लाथा ठरलेल्या. प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने किती सैनिक मेले, याची आकडेवारी बोर्टकेविच नावाच्या माणसाने १८९८ साली छापली होती. एका सैन्यदलाचं एक वर्ष अशा २०० नोंदी. त्यातल्या १०९ वर्षांत एकही मृत्यू नाही, ६५ वर्षांत एकेक, २२ वर्षांत दोन-दोन, तीन वर्षांत तीन-तीन, एका वर्षात चार. एकूण १२२ मृत्यू, सरासरी ०.६१. आता ही सरासरी सूत्रात घालून बघायचं, की शून्य मृत्यूंची वर्षं किती यायला हवीत. उत्तर येतं १०८.७. प्रत्यक्षात १०९! पहिल्यांदा ते जुळलं तेव्हा मी वही उलटसुलट करून पाहिली. माणसं लाथा खाऊन मरताहेत, घोड्याला कसलं सूत्र ठाऊक नाही, आणि हिशेब मात्र जवळजवळ तंतोतंत.

पण त्या १०८.७ पर्यंत पोचायलाच तास जायचा. कॅल्क्युलेटर निघाले होते, सगळ्यांकडे नव्हते. प्रॅक्टिकलच्या खोलीत कपाटात फॅसिट कंपनीची हाताने फिरवायची यंत्रं होती, बिडाच्या मशीनसारखी जड. गुणाकार करायचा तर दांडा पुढे फिरवायचा, भागाकाराला मागे. भागाकार म्हणजे वजाबाकीच. वजा करत करत एक फेरा जास्त झाला की टिण्ण करून घंटी वाजायची. मग एक फेरा पुढे घेऊन चूक परतवायची, कॅरेज एक घर सरकवायचं, पुन्हा सुरू. वर्गात एकाच वेळी तशा आठ-दहा घंट्या वाजत असायच्या. दशांशाचं एक स्थळ वाढवायचं म्हणजे मनगटाला किती त्रास, हे तेव्हा नीट कळलं. आज कुणी टक्केवारी दशांशानंतर चार स्थळांपर्यंत लिहिली, की माझं मनगट आधी दुखतं.

आमचे शिकवणारे बहुतेक पुण्याच्या विभागात एम.एस्सी. झालेले. तो विभाग १९५३ साली सुरू झाला तो हुजूरबाजार सरांच्या हाताखाली. वसंत शंकर हुजूरबाजार मूळ कोल्हापूरचे, केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीजकडे संशोधन केलेले, १९७४ चे पद्मभूषण. आम्ही त्यांना पाहिलं नाही, पण त्यांचं नाव घेताना आमचे सर खडू खाली ठेवायचे, एवढं आठवतं.

आता माझी भाची नाशिकलाच स्टॅटिस्टिक्स करते. मधल्या काळात पॅटर्न इतके आले की शिक्षकही विद्यार्थ्याला आधी साल विचारतात: तू तेराच्या पॅटर्नची की एकोणीसच्या? नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा आल्यावर तर तिने नियमांची प्रिंटच माझ्यासमोर टाकली. "मामा, तुम्ही हेच केलंय ना? मग सांगा, मायनर काय घेऊ?"

मी वाचायला बसलो. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी, ओजेटी. सातबारा परवडला, त्यात निदान बांध कुठे ते कळतं. थिअरीचे पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट, सत्राला साधारण २२ क्रेडिट. एका वर्षाने सोडलं आणि वर चार क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स केला तर सर्टिफिकेट, तसंच दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, चारने ऑनर्स. सोडून गेलेल्याला परत यायचीही मुभा, सात वर्षांच्या आत पूर्ण करा म्हणजे झालं. क्रेडिट जमा राहतात बँकेत.

ही शेवटची सोय मला मनापासून आवडली. आमच्या गाडीतल्या दोन मुलींनी एस.वाय.नंतर लग्न ठरल्यामुळे शिक्षण सोडलं होतं. त्यांच्या हातात दोन वर्षांचं काहीही उरलं नाही, नाही म्हणायला बारावीची मार्कशीट.

निवडीचं मात्र मला तितकंसं खरं वाटत नाही. कागदावर ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतलं काहीही घ्या. प्रत्यक्षात ज्या विषयाला शिक्षक आहे आणि ज्याचा तास शेवटच्या सोयीच्या एसटीआधी सुटतो, तोच विषय भाचीने घेतला. २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट झालं, गाडीची वेळ मात्र तीच. आम्हाला क्लार्क सांगायचा, हिला वेळापत्रक सांगतं.

घोड्यांच्या लाथा तिलाही आहेत. फरक इतकाच, की संगणकावर 'आर'मध्ये एका ओळीत पाचही आकडे पडद्यावर येतात. मी विचारलं, "१०८.७ बघून काही वाटलं नाही का?" ती म्हणाली, "वाटायचं काय त्यात? बरोबरच येणार ना!" मला जरा वाईट वाटलं. पण मग तिने तिचं फील्ड प्रोजेक्ट दाखवलं आणि मी गप्प झालो.

आमच्या पुस्तकात नमुना निवडीच्या प्रकरणात पीक कापणी प्रयोग होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, साताऱ्याकडच्या बुधचे, यांनी पानसे यांच्याबरोबर ही पद्धत देशभर बसवली: शेत चिठ्ठीने निवडायचं, शेतातला चौकोनही चिठ्ठीने, तेवढंच कापून मळून तोलायचं. आम्ही ते पाठ करून लिहिलं. त्याच दिवसांत वणीच्या शिवारात तलाठी दोरी टाकून नेमकं तेच करत होते आणि हे तेच आहे असं आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आकडे प्रशियाचे, नाहीतर कुठल्या तरी इंग्रजी गव्हाचे.

भाचीने निवडली द्राक्षं. माल तोडायला आला का, हे बागाइतदार ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघून ठरवतो. मणी चिरडून रस साखर मोजायच्या यंत्राच्या काचेवर घ्यायचा, डोळ्याला लावून आकडा वाचायचा. पण मणी कुठला? जो तो रस्त्याकडच्या ओळीतला, उन्हातला, हाताशी येणारा घड धरतो. तो गोड असणारच. हिने मोबाइलवर यादृच्छिक संख्या काढून ओळ ठरवली, झाड ठरवलं, घडाचा वरचा मणी की शेंड्याचा तेही ठरवलं, आणि बागेच्या मालकालाच आतल्या ओळींत वाकून फिरवलं.

तो वैतागला. "ताई, त्या कोपऱ्यात पाणी बसतं, तिथं साखर उतरतच नाही. तिथला कशाला घेता?"

"म्हणूनच घ्यायचा, काका," ती म्हणाली, आणि मोबाइलवरचा पुढचा आकडा वाचला.